मान्यता १९५०ची, राजदूत १९९२चा: मधली बेचाळीस वर्षं कुठे गेली?

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली, मग दूतावास उघडायला १९९२ का उजाडावं लागलं? आणि १९९२ नंतर भारताने पॅलेस्टाइनचा हात सोडून इस्रायलचा धरला, असं क्लासमध्ये शिकवतात, ते बरोबर आहे का?

मी तीसहून अधिक वर्षं परराष्ट्र सेवेत काढली, त्यातली बरीचशी पश्चिम आशियाच्या कामात. आता पुण्यात निवृत्त आयुष्य जगतो आहे. दोन्ही प्रश्न मनापासून आवडले, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी एक गाठ सोडवून घ्या. मान्यता देणं आणि राजनैतिक संबंध प्रस्थापित करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मान्यता म्हणजे ‘तुम्ही एक राज्य आहात हे आम्ही कबूल करतो’ एवढंच. ती एकतर्फी असते आणि एका निवेदनात देऊन मोकळं होता येतं. राजनैतिक संबंधांना मात्र दोघांची संमती लागते. १९६१च्या व्हिएन्ना कराराचं दुसरं कलमच ते सांगतं. राजदूताचं नाव आधी यजमान देशाला कळवायचं, त्याची संमती यायची, मग माणूस जाऊन तिथल्या राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्रं देतो. नाव नाकारायचं असेल तर कारण सांगायची सक्तीही यजमानावर नाही. भारताने पहिली पायरी १७ सप्टेंबर १९५० रोजी चढली आणि दुसरी २९ जानेवारी १९९२ रोजी. मधल्या काळाला ‘संबंध नव्हते’ असं म्हणणं चूक आहे. संबंध होते, ते उघड मांडायची तयारी नव्हती. माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

पुण्याला हा फरक समजावून सांगावा लागू नये. पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी असत. हिंगणे दिल्लीत होते, गोविंदराव काळे निजामाकडे हैदराबादेत होते. काळे तिथे असतानाच १७९५ साली खर्ड्याची लढाई झाली. म्हणजे वकील ठेवला म्हणून दोस्ती झाली असं नव्हे, आणि भांडण झालं म्हणून वकील उठवला असंही नव्हे. वकील हा बोलण्याचा रस्ता होता. म्हणूनच दूतावासाला मराठीत ‘वकिलात’ म्हणतात तो शब्द मला आवडतो. शेजाऱ्याशी पटत नसलं तरी मधलं दार बंद करू नये, हे त्या शब्दातच आहे.

आता १९४७. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनचं काय करायचं हे ठरवायला संयुक्त राष्ट्रांनी अकरा देशांची समिती नेमली, तिच्यात भारत होता. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी ज्यू आणि अरब अशा दोन राज्यांत फाळणी करण्याऐवजी संघराज्याचा प्रस्ताव दिला. तो बाजूला पडला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला, १० देश तटस्थ राहिले. भारताचं मत विरोधात होतं. मे १९४९ मध्ये इस्रायलला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व देण्याच्या ठरावालाही भारताने विरोध केला. महाराष्ट्रात याबाबत एकमत होतं असं मात्र समजू नका. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्येच ज्यू राज्याला पाठिंबा देणारं निवेदन काढलं होतं, आणि पुढे समाजवादी मंडळींना तिथल्या किब्बुत्झच्या, म्हणजे सामूहिक मालकीच्या शेतीवसाहतींच्या, प्रयोगाबद्दल कुतूहल वाटत राहिलं.

विरोधामागे काय होतं? ज्या देशाच्या अंगावर धर्माच्या आधारे झालेल्या फाळणीची जखम ओली आहे, त्याने दुसऱ्याच्या फाळणीला हात वर करायचा नव्हता. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता आणि तिथे अरब देशांची मतं होती. तेल तिकडून येत होतं, व्यापाराची वाट सुएझमधून जात होती. भारतात राहणं पत्करलेल्या कोट्यवधी मुसलमानांना या नव्या देशात आपलं ऐकलं जातं असं वाटणंही गरजेचं होतं. यातलं एकही कारण लाजिरवाणं नाही. आज दूरदर्शनवरच्या चर्चेत कुणी ‘नेहरूंचा भाबडेपणा’ म्हणून तो काळ निकालात काढतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या टेबलावर बसलेल्या माणसाला तेव्हा काय दिसत होतं ते पाहण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

चूक झाली ती नंतर. १९५२ साली इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे महासंचालक वॉल्टर आयतान दिल्लीत आले, नेहरूंना भेटले. दूतावासाच्या कल्पनेला नेहरूंनी अनुकूलता दाखवली. मग निर्णय पुढे ढकलला गेला, पुन्हा ढकलला गेला. १९५५ला आशियाई-आफ्रिकी देशांची बांडुंग परिषद झाली, तिला इस्रायलला बोलावणंच नव्हतं. १९५६ला सुएझचं युद्ध झालं, त्यात इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला, आणि विषय मिटला. सरकारी कामकाजात ‘सध्या योग्य वेळ नाही’ हे वाक्य फार धोक्याचं. ते एकदा लिहिलं की दर वेळी नव्या अधिकाऱ्याला जुन्याच्या हाताखाली तेच लिहिणं सोपं जातं, आणि योग्य वेळ कोणती हे ठरवायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

तरीही दार पूर्ण बंद नव्हतं, आणि ते नेमकं आपल्या राज्यात उघडं होतं. १९५३ साली मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास सुरू झाला. त्याच्या कॉन्सुलचं कार्यक्षेत्र आपल्या राज्यापुरतं मर्यादित होतं. दिल्लीत त्याला कुणी दारात उभं करत नसे, आणि भारताने तिकडे बदल्यात काहीच उघडलं नाही. मुंबईच का? कारण तिकडे जाऊ पाहणारी माणसं इथे होती. बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा, पूर्वापार कोकणपट्टीत वसलेला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशी. अलिबागजवळच्या नवगावला पूर्वजांची गलबतं फुटली, अशी त्यांची परंपरा सांगते.

रास्ता पेठेत आमच्या वाड्यात असंच एक कुटुंब राहायचं. सुक्कत शेलोमो हे त्यांचं प्रार्थनाघर पेठेतच आहे. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससूनांनी बांधायला घेतलेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ते बगदादी ज्यूंचं, आणि हे आमच्या शेजाऱ्यांचं. मी पाच-सहा वर्षांचा असताना ते कुटुंब गेलं. नंतर इस्रायलमधल्या बीरशेबाहून आईला मराठीत पत्रं यायची. काकूंना तिकडे मलिद्याच्या नैवेद्यासाठी पोहे मिळत नव्हते, म्हणून मुंबईहून कुणी निघालं की आई पोह्यांची पुरचुंडी पोचती करायची. एका पत्रात काकूंनी लिहिलं होतं की तिकडचे धर्मगुरू आमच्या लग्नांबद्दल शंका काढतात, माणसं रस्त्यावर उतरलीत. ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचं आंदोलन. १९६४ला तिथल्या सरकारने आणि संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू आहे, असं स्पष्ट केल्यावर ते शमलं. पुढे नोकरीत फायलींमध्ये ‘संबंध नसलेला देश’ असा उल्लेख वाचला की मला ती पुरचुंडी आठवायची.

सरकारी पातळीवरही असंच दुहेरी चालू होतं. १९६२ला चीनने हल्ला केला तेव्हा नेहरूंनी इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांना पत्र लिहून शस्त्रं मागितली, आणि ती आली. १९६५ आणि १९७१लाही तिकडून उखळी तोफा आणि दारूगोळा आला. त्याच वेळी संयुक्त राष्ट्रांत आपलं मत सातत्याने अरबांच्या बाजूला पडत होतं. १९७४ साली पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा भारत हा पहिला बिगरअरब देश ठरला. झायोनिझम, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ, हा वंशवाद आहे, असं म्हणणाऱ्या १९७५च्या ठरावाच्या बाजूने आपण मत दिलं. ऑगस्ट १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप दिल्लीत येऊन मोरारजी देसाईंना भेटून गेले. ही भेट जगाला कळली ती पुष्कळ नंतर.

बदल्यात अरबांकडून काय मिळालं, हाही प्रश्न विचारायला हवा. सप्टेंबर १९६९ मध्ये मोरोक्कोत रबातला इस्लामी देशांची परिषद भरली. भारताला निमंत्रण होतं, फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पोचलंही. पाकिस्तानने हट्ट धरला आणि आपल्याला बाहेर बसावं लागलं. माझ्या आधीच्या पिढीतले अधिकारी ती गोष्ट सांगताना पन्नाशीतही रागावत. पण धोरण लगेच बदललं नाही. धोरण अपमानाने बदलत नाही, ते बदलतं भोवतालचा हिशेब बदलतो तेव्हा.

१९८०च्या दशकात हा हिशेब हळूहळू हलताना दिसतो. तो मोठ्या भाषणांत शोधू नका, बारीकसारीक गोष्टींत शोधा. १९८२ला इस्रायलच्या मुंबईतल्या कॉन्सुलने एका मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली म्हणून त्याला देश सोडायला लावलं. १९८५ला राजीव गांधी न्यूयॉर्कमध्ये इस्रायलचे पंतप्रधान शिमॉन पेरेस यांना उघडपणे भेटले. १९८७ला डेव्हिस चषकाचा भारत-इस्रायल सामना दिल्लीत झाला, इस्रायली खेळाडूंना व्हिसा मिळाले. १९८९ला मुंबईच्या कॉन्सुलचं कार्यक्षेत्र केरळपर्यंत वाढवलं. वर्तमानपत्रात या शेवटच्या गोष्टीला किती जागा मिळाली असेल ते तुम्हीच ठरवा, पण आमच्या व्यवसायात यालाच बातमी म्हणतात. याच काळात, नोव्हेंबर १९८८ मध्ये, भारताने पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यताही दिली. दोन्ही गोष्टी बरोबरीने चालल्या होत्या, हे लक्षात ठेवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी उपयोगी पडेल.

मग १९९०-९१. दीड वर्षात पायाखालची जमीनच बदलली. कुवेतवर इराकने हल्ला केला, तिथून आपली लाखाहून जास्त माणसं विमानाने आणावी लागली. पॅलेस्टिनी नेतृत्व इराकच्या सद्दामच्या बाजूला गेलं आणि आखातातल्या राजांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. इकडे परकीय चलन संपत आलं, सोनं गहाण पडलं. ३० ऑक्टोबर १९९१ला माद्रिदमध्ये सिरिया, जॉर्डन, लेबनॉन आणि पॅलेस्टिनी प्रतिनिधी इस्रायलसमोर बसले. ज्यांच्यासाठी आपण बोलणं टाळत होतो तेच बोलू लागले, आणि आपण खोलीच्या बाहेर. त्याच महिन्यात सोव्हिएत संघाने इस्रायलशी संबंध पुन्हा जोडले होते. डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. २४ जानेवारी १९९२ला चीनने इस्रायलशी संबंध जोडले.

नरसिंह रावांनी हे कसं हाताळलं, त्याचा मी नोकरीभर अभ्यास केला. आधी पाणी चाचपलं: १६ डिसेंबर १९९१ला १९७५चा तो वंशवादाचा ठराव रद्द करण्याच्या बाजूने भारताने मत दिलं. मग जानेवारीत पॅलेस्टिनी नेते यासर अराफत दिल्लीला आले. राजदूतांची देवाणघेवाण हा सार्वभौम देशाचा हक्क आहे, भारत जो निर्णय घेईल त्याचा मी आदर करतो, अशा अर्थाचं ते बोलून गेले. आता कुणी ‘पॅलेस्टाइनला फसवलं’ म्हणायला जागाच नव्हती. आठवड्याभरात, २९ जानेवारीला, परराष्ट्र सचिव ज्योतींद्रनाथ दीक्षित यांनी घोषणा केली. त्यानंतर दोन दिवसांनी राव न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेच्या शिखर बैठकीत होते. या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री शरद पवार होते, हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मी तेव्हा आखातातल्या एका राजधानीत कनिष्ठ अधिकारी होतो. घोषणेच्या आदल्या रात्री आम्ही उत्तरांचं टिपण तयार करून ठेवलं: यजमान देश निषेध करेल, तेलाचा विषय काढेल, आपल्या कामगारांच्या परवान्यांवर गदा येईल, तर काय बोलायचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंत्रालयात मला बोलावणं आलं ते आधीच ठरलेल्या मजूर व्हिसांच्या कामासाठी. तासभर तेच बोलणं झालं. उठताना समोरच्या अधिकाऱ्याने एवढंच विचारलं, ‘तुमचा दूतावास तेल अवीवमध्ये असेल ना, जेरुसलेममध्ये नाही?’ मी होय म्हणालो. विषय संपला. चाळीस वर्षं ज्या प्रतिक्रियेची धास्ती होती, ती ही एवढीच. त्या रात्री मला आनंद झाला नाही, खिन्न वाटलं. हा निर्णय किती वर्षं आधी घेता आला असता, हा हिशेब मनातून जाईना.

पुढची जंत्री तुमच्या पुस्तकात असेलच, मी भरभर सांगतो. १९९६ अखेरीस राष्ट्राध्यक्ष एझर वाइझमन आले. १९९९च्या कारगिलमध्ये मिराज विमानांना लक्ष्य दाखवणारी यंत्रणा इस्रायलकडून मिळाली, आणि लष्कराच्या मनातला उरलासुरला संकोच तिथे गेला. २००३ला पंतप्रधान एरियल शेरॉन आले, २०१५ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी गेले, जुलै २०१७ला नरेंद्र मोदी. इस्रायलला जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. १९९२ला व्यापार साधारण २० कोटी डॉलरचा होता आणि तोही बहुतांश हिऱ्यांचा. २०२२-२३ला संरक्षण सोडून तो १,०७७ कोटी डॉलरवर गेला. शेतीचं म्हणाल तर राहुरीला डाळिंबाचं, दापोलीला हापूसचं आणि नागपूरला संत्र्याचं अशी इस्रायलच्या सहकार्याने उभी राहिलेली केंद्रं आपल्या राज्यात आहेत. ठिबक सिंचनाबद्दल शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

जवळिकीची किंमतही इथे मोजली गेली. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १३ फेब्रुवारी २०१०ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, तिथून ज्यूंचं छबाड हाउस हाकेच्या अंतरावर होतं. सतरा माणसं गेली, कितीतरी कोवळी मुलं होती. लहानपणी आम्ही लाल देवळाच्या आवारात मनात येईल तेव्हा डोकावायचो. आता तिथे पोलिसांचा पहारा असतो.

आता दुसरा प्रश्न. पॅलेस्टाइनचा हात सोडला का? क्लासमधलं उत्तर अपुरं आहे. १९९६ला भारताने गाझामध्ये प्रतिनिधी कार्यालय उघडलं, २००३ला ते वेस्ट बँकमधल्या रामल्लाला नेलं. म्हणजे इस्रायलमध्ये दूतावास झाल्यानंतर चार वर्षांनी पॅलेस्टिनी भूमीवर आपलं कार्यालय झालं. पूर्वी एकाशी बोललं की दुसऱ्याला दुखवतो असं मानलं जायचं. आता दोन खाती वेगळी झाली. मोदी २०१७ला इस्रायलला गेले तेव्हा रामल्लाला गेले नाहीत, आणि फेब्रुवारी २०१८ला रामल्लाला गेले तेव्हा इस्रायलला गेले नाहीत. डिसेंबर २०१७ला अमेरिकेने जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानलं, त्याविरुद्धच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत अलीकडे वर्षाला ५० लाख डॉलर देतो आहे, आधी याच्या चौथाईच देत होता.

मतदान वाचताना घाई करू नका. ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यानंतर २७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत गाझातली लढाई थांबवण्याचा ठराव आला, भारत तटस्थ राहिला. पण हमासचं नाव घेऊन निषेध करणारी दुरुस्ती कॅनडाने मांडली होती, तिला भारताने मत दिलं होतं. ती दोन तृतीयांश मतांअभावी पडली. १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या ठरावाला भारताने होकार दिला. जून २०२५च्या युद्धबंदीच्या ठरावावर पुन्हा तटस्थ, आणि सप्टेंबर २०२५ला द्विराष्ट्र तोडग्याच्या, म्हणजे इस्रायलच्या शेजारी पॅलेस्टाइनचं राज्य असावं या, ठरावाला पुन्हा होकार. त्याच सप्टेंबरात इस्रायलशी गुंतवणुकीचा करारही दिल्लीत झाला. एकाच मतावरून ‘भारत वळला’ असा निबंध लिहिलात तर परीक्षक पुढचं मत दाखवेल.

पण माझंही एक म्हणणं आहे आणि ते मी लपवणार नाही. दूतावास असण्याचा खरा उपयोग गोड बोलण्यासाठी नसतो. न आवडणारी गोष्ट समोर बसून सांगता यावी, यासाठी तो असतो. १९९२च्या आधी आपण संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात इस्रायलवर टीका करायचो आणि ती त्यांच्या कानावर परिणाम करत नव्हती, कारण आमचं त्यांच्याकडे काही अडत नाही असा आव होता. आज आपलं बोलणं त्यांना ऐकावं लागतं. गाझात इतकी मुलं मेली, अन्न आत जाऊ दिलं गेलं नाही, आणि त्या काळात आपला आवाज मला वारंवार गरजेपेक्षा हळू वाटला. हमासने ओलीस धरलेल्यांसाठी जितक्या स्पष्टपणे बोललो, तितक्याच स्पष्टपणे त्या मुलांसाठी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं खपून ही जवळीक मिळवली, ती अशा वेळी वापरायची नाही तर कधी वापरायची? मंत्रालयातल्या माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. दारामागे बोललं जातं तेवढं पुरे, असं ते म्हणतात. दारामागे काय बोललं गेलं ते मला ठाऊक आहे असा दावा मी करत नाही, पण जगाने ऐकलं ते पुरेसं नव्हतं.

शेवटी, तुम्ही अभ्यासासाठी एखादी खूण मागितलीत तर मी मार्च २०१८ची सांगेन. एअर इंडियाचं दिल्ली-तेल अवीव विमान पहिल्यांदा सौदी अरेबियाच्या आकाशातून गेलं. इस्रायलला जाणाऱ्या नियमित प्रवासी विमानाला तोवर सौदींनी कधी वाट दिली नव्हती. इस्रायलच्या स्वतःच्या विमान कंपनीलाही ती तेव्हा मिळाली नाही, तिला लांबचा वळसा घालावा लागत होता. अरब काय म्हणतील या भीतीने ज्या देशाने बेचाळीस वर्षं राजदूत पाठवला नाही, त्याच देशाच्या विमानाला अरबांनी आपल्या डोक्यावरून इस्रायलला जाऊ दिलं. बीरशेबाच्या काकू तेव्हा नव्हत्या. त्यांच्या मुलाने मला फोन करून सांगितलं की पुण्याला यायला आता दोन तास कमी लागतील, आणि पोहे आता तिकडे दुकानात मिळतात.